नीटचे मार्क आले, आता कोणती मेडिकल कॉलेजं भरायची? (ठाणे–नवी मुंबई)

मासुंदा · सकाळी 8.10
निकाल लागला की गटागटांवर एकच प्रश्न फिरतो: "इतक्या मार्कांत कुठलं कॉलेज मिळेल?" नुसत्या मार्कांवरून याचं उत्तर देऊ नका, आणि कुणी दिलं तर घेऊ नका. 2024 मध्ये 650 मार्कांना देशातला क्रमांक, म्हणजे एआयआर, तीस हजारांच्या आसपास होता. 2025 चा पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच 720 पैकी 686 मिळाले. त्या वर्षी 550 मार्कांना एआयआर बारा हजारांच्या आसपास आला. शंभर मार्क कमी, तरी क्रमांक कितीतरी पुढचा. 2024 चा कटऑफ मार्कांत बघून ज्यांनी 2025 ला हाय खाल्ली, त्यांनी उगाच खाल्ली.

म्हणून मार्क बाजूला ठेवा आणि स्कोअरकार्डवरचा एआयआर कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. तिथेच एक कॅटेगरी रँकही छापलेला असतो, तो केंद्राच्या प्रवर्गांचा. महाराष्ट्राच्या प्रवेशात त्यावर हिशेब करू नका.

आता हा क्रमांक लावायचा कुठे? जागा दोन ठिकाणांहून मिळतात. एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीकडे, देशभरातल्या सरकारी कॉलेजांच्या 15 टक्के जागा, एम्स, जिपमर (पुदुच्चेरीची केंद्रीय संस्था) आणि सगळी डीम्ड, म्हणजे स्वतःची पदवी देणारी अभिमत विद्यापीठं. आपल्या राज्याच्या प्रवेश कक्षाकडे, म्हणजे सीईटी सेलकडे, राज्यातल्या सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजांच्या बाकीच्या 85 टक्के जागा, शिवाय खाजगी कॉलेजं. नोंदणी वेगळी, फॉर्म वेगळा, तारखा वेगळ्या. एकीकडे भरलेलं दुसरीकडे आपोआप जात नाही.

पामबीच · सकाळी 8.42
सीईटी सेलच्या यादीत नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम सापडत नाही. तेरणा मात्र दिसतं. असं का?

ऐरोलीकर · सकाळी 9.05
पामबीचताई, डी. वाय. पाटील आणि एमजीएम ही दोन्ही डीम्ड विद्यापीठं, त्यामुळे त्यांच्या सगळ्या जागा एमसीसीकडे. तेरणा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न खाजगी कॉलेज, म्हणून ते सीईटी सेलकडे. एकाच नेरुळमधली दोन कॉलेजं, पण फॉर्म दोन निरनिराळे. नवी मुंबईतल्या पालकांची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

पैशांचा फरक आधी बघून घ्या. एमसीसीला साध्या 15 टक्के कोट्यासाठी खुल्या आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलांना 1000 रुपये परत न मिळणारे आणि 10,000 परत मिळणारे. एससी, एसटी, ओबीसी, दिव्यांगांना 500 आणि 5000. डीम्डसाठी मात्र 5000 आणि वर 2 लाख डिपॉझिट, सगळ्यांना सारखंच. दोन्ही हवे असतील तर फक्त डीम्डची रक्कम भरायची, दोनदा नाही. डिपॉझिट ज्या खात्यातून गेलं त्याच खात्यात परत येतं. सायबर कॅफेवाल्याच्या किंवा एजंटच्या कार्डावरून भरलंत तर परतावाही त्याच्याच खात्यात जाणार. आपलं खातं, आपलं कार्ड.

आणि डीम्डची फी वर्षाला पंचवीस लाखांच्या घरात, काही ठिकाणी त्याहून वर. साडेचार वर्षांचा पूर्ण आकडा लिहून घरात सगळ्यांनी बघितल्याशिवाय ते 2 लाख भरू नका.

पांचपाखाडी · सकाळी 10.20
मागच्या वर्षाची यादी कशी वाचायची ते सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात.

सीईटी सेल प्रत्येक राउंडची (प्रवेशफेरीची) निवड यादी पीडीएफमध्ये टाकते. एका ओळीत अनुक्रमांक, एआयआर, नीटचा रोल नंबर, फॉर्म नंबर, नाव, लिंग, कॅटेगरी, कोटा, कॉलेजचा कोड आणि नाव असतं. बहुतेक जण कॅटेगरीचा कॉलम बघून कटऑफ काढतात. तो चुकतो. एखाद्या ओबीसी मुलीच्या ओळीत कॅटेगरी ओबीसी असते, पण कोट्याच्या कॉलममध्ये ओपन लिहिलेलं असतं. तिला जागा खुल्या गुणवत्तेवर मिळालेली आहे. तिचा क्रमांक ओबीसीचा कटऑफ समजला तर कटऑफ उगाच वर दिसतो आणि ज्याला जागा मिळू शकते तो घाबरून कॉलेज सोडून देतो. फिल्टर कोट्याच्या कॉलमला लावा. कोट्यापुढे डब्ल्यू दिसला तर ती महिलांच्या 30 टक्के समांतर आरक्षणातली जागा. हे आरक्षण सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजांत आहे, म्हणून मुलींनी कळवा (ठाणे पालिका), सायन, नायर (मुंबई पालिका) यांचे दोन-दोन आकडे काढायचे: साधा आणि डब्ल्यूचा.

पीडीएफ एक्सेलमध्ये घ्या. कॉलेज कोड आणि कोटा या दोन्हींना फिल्टर लावा, एआयआर चढत्या क्रमाने लावा आणि सगळ्यात खालचा आकडा उचला. तो त्या राउंडचा शेवटचा क्रमांक. एका कॉलेजसाठी प्रत्येक राउंडचा आकडा वेगळा लिहा. नुसता पहिल्या राउंडचा कटऑफ बघून निराश व्हायचं कारण नाही, आणि स्ट्रे, म्हणजे उरलेल्या जागांच्या शेवटच्या राउंडचा, बघून निर्धास्त व्हायचंही नाही. स्ट्रेमध्ये एक-दोन जागा असतात, तिथला आकडा अपघाताने कुठेही जातो.

खारघर_हिल · सकाळी 10.47
यादीत काही नावांपुढे कॉलेज नाही, "चॉईस नॉट अव्हेलेबल" आहे. त्यांचे क्रमांक तर खालच्या जागा मिळालेल्यांपेक्षा चांगले आहेत!

पांचपाखाडी · सकाळी 11.02
बरोबर टिपलंत. त्या मुलांनी मोजकीच कॉलेजं भरलेली असतात, बहुतेक मुंबई-पुण्याचीच. त्यांच्या यादीतलं एकही कॉलेज त्यांच्या क्रमांकापर्यंत आलं नाही, आणि जी कॉलेजं आली असती ती यादीत नव्हती. मग खालच्या क्रमांकाच्या मुलाला जागा आणि वरचा मोकळा. आपल्या भागातली मुलं "मुंबई सोडून नको" म्हणून याच खड्ड्यात पडतात.

वाशी_सेक्टर_नऊ · सकाळी 11.30
मग पहिल्या नंबरवर काय टाकायचं? क्लासवाले सांगतात, कळवा मिळण्यासारखं असेल तर कळवाच पहिलं टाका, केईएम वर टाकून "चॉईस वाया घालवू नका".

मासुंदा · दुपारी 12.05
हा सल्ला चुकीचा आहे, अगदी स्पष्ट सांगतो. जागावाटप कसं चालतं ते समजून घ्या. संगणक गुणवत्ता यादीतला पहिला मुलगा घेतो, त्याच्या पसंतीक्रमात वरून खाली बघतो आणि जिथे पहिली रिकामी जागा दिसेल ती देतो. मग दुसरा मुलगा, मग तिसरा. तुमची पाळी येते तेव्हा तुमच्या यादीतलं केईएम भरलेलं असेल तर तो पुढे सरकतो, कळव्यात जागा असेल तर कळवा देतो. केईएम वर लिहिल्याने कळव्याचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट कळवा पहिलं लिहिलंत आणि त्या वर्षी सायन तुमच्या क्रमांकापर्यंत येणार असेल, तरी संगणक कळव्यावरच थांबणार. सायन तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलंत.

म्हणून क्रम लावायचा तो मनापासून हव्या असलेल्या कॉलेजांचा. कटऑफचा उपयोग एवढाच की यादी खाली कुठपर्यंत न्यायची ते ठरवायला. मागच्या वर्षीचा शेवटचा क्रमांक तुमच्या क्रमांकापेक्षा बराच मोठा असेल, अशी निदान आठ-दहा कॉलेजं खाली हवीत. आणि जिथे मिळालं तरी खरंच जाणार नाही, ते नाव लिहू नका. मिळालेली जागा नाकारायचे नियम राउंडगणिक कडक होत जातात.

ऐरोलीकर · दुपारी 12.40
एमसीसीचे राउंड थोडक्यात. पहिल्या राउंडला जागा मिळूनही गेलं नाही तर काही बिघडत नाही. दुसऱ्या राउंडला मिळालेली जागा घेतली नाही तर डिपॉझिट जप्त, पण तिसऱ्यासाठी नव्याने नोंदणी करता येते. तिसऱ्या राउंडला जागा घेतली की सोडता येत नाही. मिळून गेला नाहीत तर डिपॉझिट गेलं आणि पुढच्या राउंडमधूनही बाहेर. स्ट्रेमध्ये मिळालेली जागा घेतलीच पाहिजे, नाहीतर डिपॉझिट जाऊन एक वर्ष नीटलाही बसता येत नाही. डीम्डच्या स्ट्रेमध्ये "बघू तरी" म्हणून चॉईस भरणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

सीईटी सेलमध्ये लक्षात ठेवायची गोष्ट स्टेटस रिटेन्शन फॉर्म. कॉलेजला हजर होऊन हा फॉर्म भरला की तीच जागा कायम, पुढच्या राउंडला तुमचा विचार होत नाही. भरला नाही तर पुढच्या राउंडला वरच्या पसंतीसाठी विचार होतो, आणि वरचं मिळालं की आधीची जागा आपोआप रद्द होते. मग "नको, आधीचंच बरं होतं" म्हणायची सोय नाही. कॉलेजच्या कार्यालयात कागदांच्या गठ्ठ्यात हा फॉर्म पुढे सरकवला जातो आणि पालक सही करून मोकळे होतात. प्रत्येक कागदाचं शीर्षक वाचून सही करा.

घोडबंदर · दुपारी 1.15
दहावी ठाण्यात, अकरावी-बारावी राजस्थानातल्या कोटा शहरात. डोमिसाइल महाराष्ट्राचं. 85 टक्क्यांत बसतो ना?

मासुंदा · दुपारी 1.28
नाही, दादा. राज्य कोट्यासाठी डोमिसाइल तर हवंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागतात. बोर्ड सीबीएसई असलं तरी चालतं, पण संस्था राज्यात हवी. केंद्र सरकारी कर्मचारी, संरक्षण दल अशा काही पालकांच्या पाल्यांना अपवाद आहेत. ते माहिती पुस्तिकेत शब्दशः वाचा. बाकीच्यांना राज्य कोटा बंद, एमसीसी उघडी.

दहावीतल्या मुलांच्या पालकांनी हे आत्ताच वाचावं. बाहेरच्या राज्यातल्या डमी शाळेत अकरावीचा प्रवेश घेताना 85 टक्के जागांवर पाणी सोडतोय, हे कुणी सांगत नाही.

पामबीच · दुपारी 2.10
राज्यात चांगला क्रमांक असेल तर एमसीसीचा 15 टक्के कोटा भरायचाच कशाला?

पांचपाखाडी · दुपारी 2.34
केईएम, जे.जे. किंवा पुण्याचं बी.जे. यांच्या अखिल भारतीय जागा राज्य कोट्याच्या बऱ्याच आधी संपतात, कारण देशभरातली मुलं त्या मागतात. तेव्हा मुंबईचं कॉलेज मिळवायला महाराष्ट्राच्या मुलाला राज्य कोटाच सोपा. एमसीसीचा उपयोग दिल्लीचं मौलाना आझाद, एम्स, जिपमर हवं असलेल्यांना. भरून ठेवा, पण चॉईस लिहिताना राज्यात मिळू शकेल त्याहून खरंच वरची असतील तीच लिहा. एमसीसीच्या पुढच्या राउंडमध्ये प्रवेश घेतलेल्यांची नावं राज्यांना कळवली जातात, मग राज्याच्या प्रक्रियेतून तुम्ही बाद. एका वेळी एकच जागा धरता येते.

प्रवर्गाचाही घोळ होतो. एमसीसीकडे ओबीसीला 27 टक्के आहेत, पण जात केंद्राच्या यादीत हवी आणि नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं हवं. राज्याच्या नमुन्यातलं तिथे चालत नाही. व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) असा वेगळा प्रवर्ग तिथे नाही, एसईबीसी हा राज्याचा मराठा समाजासाठीचा प्रवर्गही नाही. राज्यात एसईबीसीला 10 टक्के असले तरी तिकडे त्या प्रवर्गाची जागाच नसते.

तळोजा, रबाळे, वागळे इस्टेट इथे ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असलेल्या कामगारांच्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे. ईएसआयसीच्या मेडिकल कॉलेजांत विमाधारकांच्या पाल्यांसाठी राखीव जागा असतात, त्या एमसीसीतूनच भरतात. ईएसआयसीच्या साइटवरून विमाधारकाच्या पाल्याचा दाखला आधी काढावा लागतो. ही वाट फार कमी जणांना माहीत असते, आणि ती कामगाराच्या मुलांचीच आहे. कारखान्यातल्या ओळखीच्यांना जरूर सांगा.

खारघर_हिल · दुपारी 3.05
दाखल्यांसाठी ठाण्याला जायचं की पनवेलला?

ऐरोलीकर · दुपारी 3.20
ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे तालुका, ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे पनवेल तालुक्यात, जिल्हा रायगड. पत्ता दोन्हीकडे "नवी मुंबई" लिहिला जातो, म्हणून आपले सरकार पोर्टलवर तालुका चुकीचा निवडला जातो आणि अर्ज परत येतो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते. गेल्या वर्षीचा दाखला घेऊन बसू नका. जात पडताळणीचं प्रमाणपत्र निकालानंतर काढायला घेतलं तर राउंडआधी हातात पडेल याचा भरवसा नसतो, त्याचा अर्ज अकरावीतच करायचा. राष्ट्रीयत्वासाठी पासपोर्ट किंवा "भारतीय" लिहिलेला शाळा सोडल्याचा दाखला चालतो. नावाचं स्पेलिंग नीटच्या अर्जात आणि दहावीच्या मार्कशीटवर एकच आहे का, ते आज रात्रीच बघा.

घोडबंदर · सायंकाळी 5.50
मुलीचा प्रश्न आहे. कळवा घराजवळ. पण मिरज, संभाजीनगर, नागपूर ही जुनी सरकारी कॉलेजं. अंबरनाथचं नवीन सरकारीही आहे. क्रम कसा लावावा?

मासुंदा · सायंकाळी 6.30
इथे मतं वेगळी असणार, माझं सांगतो. कळव्याचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज 1992 चं, ठाणे महापालिकेचं, आणि छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात शहापूर, मुरबाड, भिवंडी, दिव्यापासून रुग्ण येतात. एमबीबीएसला हात चालायचा तो अशाच गर्दीत चालतो. राहायचा खर्च वाचतो. मुंबईची पाच (केईएम, जे.जे., सायन, नायर, कूपर) संपली की मी कळवा लावेन, आणि मग बाहेरगाव. पण मुलीला पुढे एमडी-एमएस कुठल्या विषयात करायचं आहे याची थोडीही कल्पना असेल, तर त्या विषयाचा विभाग आणि पदव्युत्तर जागा कुठे आहेत ते बघून नागपूर, संभाजीनगर वर घ्या.

अंबरनाथसारखी जी दहा सरकारी कॉलेजं 2024 मध्ये सुरू झाली, त्यांना मी जुन्या सरकारी कॉलेजांच्या खाली आणि सगळ्या खाजगींच्या वर ठेवेन. रुग्णालय आणि शिक्षकवर्ग अजून उभा राहतो आहे, पण फी सरकारी आहे आणि पदवी तीच आहे. या कॉलेजांमुळे राज्यात 900 जागा वाढल्या, म्हणून 2023 च्या कटऑफशी आजची तुलना करू नका. जुने तक्ते अजून व्हॉट्सअॅपवर फिरतायत. काहींत तर 70:30 चा प्रादेशिक कोटाही (70 टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) दाखवतात, जो सप्टेंबर 2020 मध्येच रद्द झाला.

पांचपाखाडी · सायंकाळी 7.10
मासुंदाकाकांशी एका गोष्टीवर असहमत. घर जवळ आहे म्हणून कळवा नको आणि दूर आहे म्हणून मिरज नको, ही दोन्ही टोकं टाळा. तिसऱ्या वर्षानंतर पोस्टिंगच्या वेळा अशा असतात की घोडबंदरहून रोज ये-जा करणं जड जातं. होस्टेल मिळतं का, पहिल्या वर्षी मिळतं की नंतर, हे कॉलेजात जाऊन विचारा. बाकी क्रम मला पटतो.

वाशी_सेक्टर_नऊ · रात्री 8.02
सरकारी हुकलं तर खाजगी की पुन्हा नीट? फी बघूनच छाती दडपते.

ऐरोलीकर · रात्री 8.45
मुलगी असेल तर आधी हे बघा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत आहे. खाजगी विनाअनुदानित कॉलेजही त्यात येतं, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. डीम्डला नाही, संस्थात्मक (मॅनेजमेंट) कोट्याला नाही. म्हणजे अशा मुलीला नेरुळच्या तेरणाची सीईटी सेलमधून मिळालेली जागा आणि शेजारच्या डीम्डची जागा यांत खर्चाचं जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. तिने खाजगी कॉलेजं बिनधास्त भरावीत. होस्टेल, मेस, अनामत हे मात्र स्वतः भरायचं. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर, आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवायचा.

सवलत न बसणाऱ्यांनी त्या कॉलेजची शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी प्राधिकरणाच्या साइटवर बघायची. कॉलेजबाहेर उभा असलेला माणूस सांगतो ती नव्हे. संस्थात्मक कोट्याच्या 15 टक्के जागाही सीईटी सेलच्या प्रक्रियेतूनच, नीटच्या गुणवत्तेवर जातात. "मॅनेजमेंटची सीट बसवून देतो" म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

सरकारी कॉलेज घेणाऱ्यांनी एक वर्षाचा बाँड हिशेबात धरा. एमबीबीएसनंतर एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते.

मासुंदा · रात्री 9.15
पुन्हा नीटबद्दल माझं मत असं. मुलाचा क्रमांक सरकारी कॉलेजच्या शेवटच्या आकड्यापासून थोडक्यात हुकला असेल आणि तो फिजिक्समध्येच अडकला असेल, तर एक वर्ष देण्यात अर्थ आहे. 180 पैकी 45 प्रश्न फिजिक्सचे, आणि चूक झाली की मिळणारे 4 जातात, वर 1 कापला जातो. म्हणजे चुकलेली दहा उत्तरं बरोबर आली तर 50 मार्कांचा फरक. जीवशास्त्रात 90 पैकी 60 बरोबर येत असतील, तर मात्र पाया कच्चा आहे. एका वर्षात ते जमेलच असं धरून खाजगीची हातातली जागा सोडू नका. हा निर्णय स्कोअरकार्डवरच्या विषयवार पर्सेंटाइल समोर ठेवून मुलाशी बोलून घ्या, शेजाऱ्यांशी नको.

पामबीच · रात्री 9.50
चॉईस भरून झाल्यावर लॉक केलं नाही तर?

ऐरोलीकर · रात्री 9.58
एमसीसीत मुदत संपली की भरलेला क्रम आपोआप लॉक होतो. पण अर्धवट क्रम असेल तर तोही तसाच लॉक होतो. म्हणून क्रम आधी कागदावर पूर्ण लिहा, घरातल्या दोघांनी एकेक कोड मोठ्याने वाचून जुळवा, मग भरा, आणि शेवटच्या दिवसाच्या आधी लॉक करून प्रिंट काढा. शेवटच्या संध्याकाळी साइट रखडते आणि ओटीपी उशिरा येतो. नोंदणीचा मोबाईल नंबर आई-वडिलांपैकी एकाचाच ठेवा, क्लासचा नको.